कच्चा रंग, पक्की माती : तेरच्या लघुमूर्ती आणि झिजेचे वाचन

१

मराठीच्या विद्यार्थ्याला तेर हे गाव संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून माहीत असते आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते प्राचीन ‘तगर’ म्हणून माहीत असते. या दोन ओळखी एकमेकींपासून दूर ठेवूनच शिकवल्या जातात. एक भक्तिसंप्रदायाच्या प्रकरणात येते, दुसरी सातवाहनकालीन व्यापाराच्या. वास्तविक दोहोंच्या मुळाशी एकच वस्तू आहे, आणि ती म्हणजे तेरणाकाठची माती. त्या मातीला आकार देणारा, लेप देणारा आणि भट्टीत घालणारा कारागीर दोन हजार वर्षांपूर्वी इथे होता, तेराव्या-चौदाव्या शतकात होता. या लेखाचा विषय त्याने घडवलेल्या अगदी लहान वस्तू हा आहे. तळहातावर मावणाऱ्या मृण्मूर्ती, त्यांच्यावरचा रंग, आणि तो रंग उडाल्यानंतर त्यांच्यावर उरलेली काळाची झीज.

रंग आणि झीज यांना आपण सहसा विरोधी मानतो. रंग म्हणजे वस्तूचे नवेपण, झीज म्हणजे तिचे जुनेपण. माणूस रंग देतो, काळ तो पुसतो. परंतु लहान प्रतिकृती रंगवण्याची जी कला आज जगभर छंद म्हणून जोपासली जाते, तिने हा विरोध मोडून काढला आहे. तिथे रंगानेच झीज रंगवली जाते. नव्या कोऱ्या वस्तूवर पन्नास वर्षांचे ऊन-पाऊस कुंचल्याने उतरवले जातात. हा केवळ हौशी लोकांचा खेळ नव्हे. झीज कुठे होते, कशी होते आणि का होते याचे एक काटेकोर शास्त्र त्यामागे आहे. ते तेरच्या मूर्तींकडे वळवून पाहिले तर वस्तुसंग्रहालयाच्या काचेआडच्या त्या फिकट मूर्ती वेगळ्या दिसू लागतात. आणि हाच न्याय आपल्या जुन्या पोथ्यांना लावला तर त्याही.

२

तगराचा सर्वांत प्रसिद्ध उल्लेख ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात येतो. भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे नगर, असे त्यात सांगितले आहे. तगराहून भडोचच्या बंदराकडे साधे कापड, नाना प्रकारची तलम वस्त्रे आणि किनारी प्रदेशांतून तेथे आलेला माल गाड्यांतून जात असे. टॉलेमीच्या भूगोलातही तगराचे नाव आहे. हे तगर म्हणजेच आजचे तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली साधार मांडले. त्याच सुमारास पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांनी गाव पाहून त्याचा वृत्तांत लिहिला. येथील त्रिविक्रमाचे विटांचे, पाठीमागून अर्धवर्तुळाकार असलेले मंदिर मुळात बौद्ध चैत्य असावे, असे कझिन्स यांचे मत होते.

गावाभोवतीच्या पांढरीच्या टेकाडांचे उत्खनन मात्र बऱ्याच उशिरा झाले. बा. ना. चापेकरांनी १९५८ साली केलेल्या उत्खननाचा अहवाल पुढे पुण्याहून प्रसिद्ध झाला. नंतरच्या दशकांतही इथे खोदकामे झाली. परंतु तेरची ख्याती उत्खननापेक्षा एका माणसाच्या वेडामुळे अधिक पसरली. रामलिंगप्पा लामतुरे हे गावातलेच गृहस्थ. पावसाळ्यात टेकाडे धुऊन निघाली की वर येणारे मणी, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मूर्तींची शिरे अशा वस्तू ते वर्षानुवर्षे गोळा करीत राहिले. त्या हजारो वस्तूंचा संग्रह पुढे शासनाकडे आला आणि त्यांच्याच नावाचे वस्तुसंग्रहालय तेरला उभे राहिले. ब्रिटिश म्युझियममधील अभ्यासक डग्लस बॅरेट यांनी १९६० साली ‘तेर’ याच नावाची पुस्तिका प्रसिद्ध करून या संग्रहाकडे कलेतिहासकारांचे लक्ष वेधले.

या संग्रहातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती सर्वांत गाजली. तिची तुलना पाँपेई येथे १९३८ साली अमेदेओ मायुरी यांना सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी केली जाते. पाँपेईची मूर्ती इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडली गेली. त्यामुळे ती त्या वर्षाच्या आधीची आहे, इतके निर्विवाद सांगता येते. ती कोणत्या रस्त्यावरच्या कोणत्या घरात होती, हेही ठाऊक आहे. तेरच्या मूर्तीविषयी एवढेच म्हणता येते की ती तेरची आहे. घडण सारखी, घराणे जवळचे, पण एकीला साक्षीदार आहेत आणि दुसरीला नाहीत. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून तो येथेच नोंदवून ठेवतो.

३

हस्तिदंत ही श्रीमंतांची वस्तू. तेरच्या सामान्य माणसाच्या घरात पोहोचलेली कला मातीची होती. तिच्यात दोन प्रकार ठळक दिसतात. एक नेहमीच्या तांबड्या भाजणाऱ्या मातीचा, आणि दुसरा केओलिन या पांढुरक्या, अतिशय मऊ पोताच्या मातीचा. केओलिनच्या मूर्ती तेरप्रमाणेच पैठण, भोकरदन, नेवासे आणि तेलंगणातील कोंडापूर अशा सातवाहनकालीन स्थळी सापडतात. भरगच्च केशरचना केलेली स्त्रियांची मुखे, कानांतली जड भूषणे, पायांतले वाळे, प्राणी, आणि शिराच्या जागी कमळ असलेली, पुढे ‘लज्जागौरी’ म्हणून ओळखली गेलेली मातृदेवता असे त्यांचे विषय आहेत.

या मूर्ती घडवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. पुढच्या बाजूचा एक आणि मागच्या बाजूचा एक असे दोन साचे. मळून एकजीव केलेल्या मातीची पातळ पोळी प्रत्येक साच्यात अंगठ्याने दाबून बसवायची. थोडी आवळली की दोन्ही अर्ध साच्यातून सोडवून, कडांना पातळ चिखल लावून एकमेकांना चिकटवायचे. बाजूंनी उमटलेला सांधा सुरीने तासून ओल्या बोटाने पुसायचा. आत पोकळी राहते, म्हणून भाजताना वाफ कोंडून मूर्ती फुटू नये यासाठी एखादे भोक ठेवायचे. मग सावलीत वाळवणे आणि नंतर भट्टी. दुहेरी साच्याची ही पद्धत रोमन जगाच्या संपर्कातून दख्खनमध्ये रुजली, असे काही अभ्यासक मानतात. रोमन नाण्यांच्या मातीत उठवलेल्या, गळ्यात घालण्याजोग्या नकलाही अशा स्थळी मिळतात, हे लक्षात घेतले तर परदेशी वस्तूची मातीत स्वस्त प्रतिकृती करण्याची हौस तगरच्या बाजारात चांगलीच होती, असे म्हणायला हरकत नाही.

साचा, सांधा, लेप, रंग हा क्रम आजही बदललेला नाही. पेणच्या कारखान्यात शाडूचा गणपती याच क्रमाने घडतो. परदेशी कंपन्यांच्या खोक्यातून येणाऱ्या प्लॅस्टिकच्या विमानाचे किंवा रणगाड्याचे दोन अर्धही असेच चिकटवून, सांधा घासून, वर अस्तराचा हात देऊन रंगवावे लागतात. दिवाळीतल्या किल्ल्यावर उभा राहणारा मातीचा मावळा हा तर तगरच्या मूर्तिकाराचा थेट वारसच. साहित्य बदलले, विषय बदलले. हाताला मात्र तीच कामे त्याच क्रमाने करावी लागतात.

४

आता रंगाकडे वळू. कापडाच्या संदर्भात आपण ‘कच्चा रंग’ आणि ‘पक्का रंग’ हे शब्द सहज वापरतो. कुंभाराच्या धंद्यातही हा भेद आहे आणि तो अग्नीने ठरतो. मूर्ती भट्टीत जाण्यापूर्वी तिच्यावर गेरूसारख्या लोहयुक्त मातीचा पातळ लेप दिला तर तो मूर्तीबरोबर भाजला जातो, तिच्या अंगाचाच होतो. सातवाहनकाळातील भांड्यांवर आणि मृण्मूर्तींवर दिसणारा तांबडा लेप हा असा पक्का रंग आहे. पण निळा, हिरवा, गुलाबी अशा नाजूक छटा भट्टीची आच सोसत नाहीत. त्या भाजलेल्या मूर्तीवर डिंक, सरस अशा कोणत्या तरी बंधक द्रव्यात कालवून लावाव्या लागतात. अग्नीने त्यांना पत्करलेले नसते, म्हणून तो कच्चा रंग. बंधक द्रव्य कुजले की रंगाची पूड सुटते आणि पहिल्याच पावसाने वाहून जाते.

या कच्च्या रंगाने जगाच्या कलेतिहासात केवढा घोटाळा केला, हे पाहिले पाहिजे. ग्रीसमधील तानाग्रा येथील थडग्यांतून १८७० नंतरच्या काळात हजारो छोट्या मृण्मूर्ती निघाल्या. नावातले साम्य केवळ योगायोगाचे असले तरी तगर आणि तानाग्रा यांच्या मूर्तींची रीत जवळची आहे. तिथेही साचे, पोकळ अंग आणि भाजल्यानंतर पांढऱ्या लेपावर दिलेले रंग. काही मूर्तींवर गुलाबी आणि निळ्या रंगांचे अंश शिल्लक होते, म्हणून त्या रंगवलेल्या होत्या हे तरी कळले. संगमरवरी शिल्पांच्या नशिबी तेही नव्हते. मातीतून बाहेर येईपर्यंत त्यांचा रंग बहुतेक गेला होता, आणि उरलासुरला स्वच्छतेच्या नावाखाली घासला गेला. विंकलमान या जर्मन विद्वानाने १७६४ साली प्राचीन कलेचा जो इतिहास लिहिला, त्याच्या प्रभावाने शुभ्र संगमरवर हाच ग्रीक सौंदर्याचा आदर्श ठरला. काळाने केलेली झीज ही शिल्पकाराची अभिरुची समजली गेली. या शिल्पांवरचे रंगांचे सूक्ष्म अवशेष तपासून त्यांच्या रंगीत प्रतिकृती करण्याचे काम व्हिन्त्सेन्झ ब्रिंकमान आणि सहकाऱ्यांनी केले. २००३ साली म्यूनिकमध्ये त्यांचे प्रदर्शन झाले तेव्हा अनेक प्रेक्षकांना ते रंग भडक आणि असह्य वाटले. ज्या पांढरेपणावर दीडशे-दोनशे वर्षे काव्यमय निबंध लिहिले गेले, तो पांढरेपणा मुळात नव्हताच, हे पचवणे सोपे नव्हते.

तेरच्या केओलिनच्या मूर्तींसमोर उभे राहिल्यावर आपणही त्याच मोहाच्या वाटेवर असतो. त्या पांढुरक्या, हस्तिदंती झाकेचे कौतुक करणे सोपे आहे. पण पांढरी माती ही रंगाची अनुपस्थिती नसते. पुष्कळदा ती रंगासाठी केलेली तयारी असते. अजिंठ्याच्या चित्रांत भिंतीवर माती, भुसा यांचे गिलावे देऊन वर पांढरा पातळ हात दिला आहे आणि त्यावर रंग उतरले आहेत. तांबडी आणि पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढऱ्यासाठी चुना आणि केओलिनसारखी द्रव्ये, आणि उत्तरकालीन लेण्यांत दुरून आणलेला राजावर्ताचा निळा, अशी ती रंगपेटी होती. जे नगर कापडासाठी प्रसिद्ध होते, ज्याच्या गाड्या रंगीबेरंगी मालाने भरून भडोचला जात होत्या, त्या नगरातल्या देवता आणि बाहुल्या बिनरंगाच्याच हव्यात, असा आग्रह केवळ आपल्या डोळ्यांना लागलेल्या सवयीतून येतो. मूर्तीच्या आजच्या पांढरेपणावरून तिच्या जन्मकाळच्या रूपाचा निर्णय करता येत नाही, एवढे सूत्र येथे पुरे आहे. निर्णय करायचा तर त्या मूर्तीलाच, भिंगाखाली धरून, प्रश्न विचारला पाहिजे.

५

हा प्रश्न कुठे विचारायचा, हे छोट्या प्रतिकृती रंगवणाऱ्या हौशी लोकांकडून शिकण्यासारखे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींचा छंद युरोप-अमेरिकेत पसरला. सुरुवातीला नवे झळझळीत रंग देऊन विमान कपाटात ठेवणे एवढाच त्याचा आवाका होता. १९७० च्या दशकापासून शेपर्ड पेन, फ्रान्स्वा व्हरलिंडेन यांच्यासारख्या कारागिरांनी त्याला निराळे वळण दिले. रणांगणावरचा रणगाडा कोरा कसा असेल, हा त्यांचा प्रश्न. मग ‘वेदरिंग’ची, म्हणजे जुनेपण रंगवण्याची तंत्रे रुजली. त्यातली दोन मूलभूत आहेत. पहिले तंत्र असे की गडद रंग पाण्यासारखा पातळ करून मूर्तीवर सोडायचा. तो उंचवट्यांवरून ओघळतो आणि कपड्यांच्या चुण्या, सांधे, कोपरे अशा खोलगट जागी साठतो. दुसरे याच्या उलट. कुंचल्यावरचा रंग फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि वरच्यावर फिरवायचा. मग तो फक्त नाक, गुडघा, कडा अशा उंचवट्यांना लागतो आणि तिथला भाग घासून उजळल्यासारखा दिसतो. शेवटी मातकट रंगांची कोरडी पूड पायांशी, चाकांशी लावायची, म्हणजे रस्त्याची धूळ बसते.

या कृतीच्या पोटात एक नियम आहे. झीज उंचवट्यावर होते, साठा खोलगटात राहतो. जिथे हात लागतो, घासले जाते, पाऊस आपटतो, तिथला थर आधी जातो. जिथे बोट पोहोचत नाही तिथे मूळचे काही शिल्लक राहते. हौशी कारागीर हा नियम वापरून कोऱ्या वस्तूला भूतकाळ देतो. अभ्यासकाने तोच नियम उलटा फिरवला की जुन्या वस्तूचा भूतकाळ वाचता येतो. तेरच्या एखाद्या स्त्रीमुखाचे गाल, नाक, ओठ यांत रंग शोधण्यात अर्थ नाही. तो शोधायचा कानामागे, केसांच्या बटांमधल्या खोबणीत, गळ्यातल्या माळेच्या दोन मण्यांमध्ये, कमरपट्ट्याच्या खालच्या कडेला. आणि झीजही पुसट करून टाकण्याची गोष्ट नव्हे. एखाद्या मूर्तीचा केवळ एकच भाग गुळगुळीत झाला असेल तर तिथे पुन्हापुन्हा हात लागला आहे. मग ती पूजेत होती, गळ्यात होती की मुलाच्या खेळण्यात, याचा विचार सुरू होतो. सर्वांगावर सारखी झीज असेल तर ती माणसाची नव्हे, पाण्याची. सांधा उकलला असेल तर साच्याची रीत उघडी पडते. रंग सांगतो की वस्तू कशी जन्मली. झीज सांगते की ती कशी जगली.

येथेच सगळ्यात मोठा धोका आहे. शेतात सापडलेली मूर्ती हाती आली की पहिली ऊर्मी असते ती नळाखाली धरून घासण्याची. खोबणीतली माती निघाली की मूर्ती ‘स्वच्छ’ होते, आणि दोन हजार वर्षे टिकलेला कच्चा रंग, टिकला असलाच तर, दोन मिनिटांत मोरीतून वाहून जातो. तिच्याबरोबर ज्या थरातून ती आली त्या थराची मातीही जाते. पाँपेईच्या हस्तिदंती मूर्तीला राखेने साक्ष दिली. पृष्ठभागावर सापडलेल्या तेरच्या वस्तूंना अंगाला चिकटलेल्या चिमूटभर मातीखेरीज दुसरा साक्षीदार नाही.

अतिउत्साहाने केलेली निगाही अशीच घातक ठरते. अजिंठ्यात जॉन ग्रिफिथ्स आणि सर ज. जी. कला विद्यालयाचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बऱ्याच नकला १८८५ साली लंडनमध्ये आगीत जळाल्या. मूळ चित्रे उठून दिसावीत म्हणून त्यांच्यावर दिलेले व्हार्निश मात्र मागे राहिले. पुढे निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात इटालियन तज्ज्ञ आणून चित्रे पक्की करून घेतली. त्यांनीही त्या काळच्या समजुतीप्रमाणे रोगणाचा वापर केला. काळाबरोबर ते थर पिवळे पडत गेले आणि अजिंठ्याचा निळा-हिरवा त्या पिवळटपणाआड झाकोळला. पुढच्या पिढ्यांतल्या रसायनतज्ज्ञांचा मोठा काळ ते थर उतरवण्यात गेला. चित्र वाचवण्याची इच्छा खरी होती. पण रक्षणासाठी दिलेला लेप हीच एक नवी झीज ठरली. याउलट मुंबईतल्या भायखळ्याच्या, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव असलेल्या वस्तुसंग्रहालयाचे उदाहरण आहे. तिथे विविध जातिजमाती, धंदे आणि पेहराव दाखवणाऱ्या रंगीत मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी सेसिल बर्न्स यांच्या काळात अशा कामाला चालना मिळाली. संग्रहालयाच्या पुनरुज्जीवनाला २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ साली ते पुन्हा खुले झाले. पगडीचा नेमका रंग, लुगड्याचा काठ, अवजाराची मूठ हे तिथे रंगांतच नोंदलेले आहे. या प्रतिकृतींचा रंग गेला असता तर केवळ शोभा गेली नसती, माहितीच गेली असती. तगरच्या मूर्तींचे नेमके तेच झाले आहे.

६

जुनेपण रंगवण्याच्या कलेची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. छंद म्हणून केलेली झीज प्रामाणिक असते, कारण पाहणाऱ्याला ती खोटी आहे हे ठाऊक असते. तीच कृती साच्यातून काढलेल्या नव्या मूर्तीवर करून, वर माती चोळून ती ‘सातवाहनकालीन’ म्हणून विकली की ती फसवणूक होते. तानाग्राच्या मूर्तींना युरोपात मागणी वाढताच बनावट मूर्तींचा पूर आला, आणि खऱ्या मूर्तींवरही गिऱ्हाइकाच्या आवडीचे नवे रंग चढवले गेले. त्यांतल्या अनेकांचे सोंग थर्मोल्युमिनेसन्स या पद्धतीने, म्हणजे माती शेवटची केव्हा भाजली गेली हे तपासून, पुढे उघडे पडले. अग्नीने दिलेली तारीख कुंचल्याला खोडता येत नाही. आपल्याकडे १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार आणि निर्यात यांवर बंधने घातली आहेत. पण कायद्याहून महत्त्वाची आहे ती पाहणाऱ्याची दृष्टी. बनावट झीज बहुधा सुंदर असते. ती जिथे शोभेल तिथेच झालेली असते. खरी झीज बेफिकीर असते. ती चेहराही खाते आणि अनाकर्षक मागची बाजू जशीच्या तशी ठेवते.

७

साहित्याच्या विद्यार्थ्याने हे सारे का वाचावे? कारण पोथीही अशीच झिजते आणि अशीच रंगवली जाते.

आपल्या संतवाङ्मयाचा मोठा भाग गाइला गेला. ज्या ओळी रोज ओठांवर आल्या त्या उंचवट्यासारख्या घासल्या गेल्या. जुनी रूपे गेली, अपरिचित शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द बसला, चालीत अडणारी मात्रा गळाली. जो अभंग क्वचित गाइला जातो, जे कडवे कीर्तनकार सहसा गाळतो, तिथे मात्र एखादे जुने क्रियापद खोबणीतल्या रंगासारखे टिकून राहते. पाठचिकित्सेत अवघड पाठाला सोप्या पाठापेक्षा अधिक वजन देतात, त्याचे कारण हेच. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणला ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठांतरांनी आणि भरतीच्या ओव्यांनी झाकलेला ग्रंथ मोकळा करणे हा त्यांचा हेतू होता. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून जी प्रत प्रसिद्ध केली, ती या शुद्धीच्या अलीकडचा थर पाहण्याच्या ओढीतून. तिच्याविषयी पुढे वाद झाले, पण प्रश्न मोलाचा होता. शुद्ध करताना काय पुसले गेले? ज्या पैठणहून तगरची दहा दिवसांची वाट सांगितली आहे, त्याच पैठणला मराठीतला हा पहिला मोठा ‘स्वच्छतेचा’ प्रयोग व्हावा, हा योग विलक्षण आहे. एकनाथांचे ऋण अपार आहे. तरीही प्रत्येक शुद्धी ही एक निवड असते, आणि निवडीत काही जातेच, हे संपादकाने विसरू नये.

गोरोबाकाकांचे तर दुहेरी उदाहरण आहे. त्यांच्या नावावरचे अभंग मोजकेच. कथा मात्र मोठ्या. विठ्ठलाच्या नामात रंगून माती तुडवताना पोटचे मूल पायाखाली गेले, ही कथा महाराष्ट्राने कीर्तनातून, महिपतीच्या १७६२ सालच्या ‘भक्तविजया’तून, पुढे रंगभूमीवरून आणि पडद्यावरून पाहिली. प्रत्येक पिढीने तिच्यावर आपल्या आवडीचा रंग चढवला. हा रंग खरवडून ‘मूळ’ गोरा कुंभार शोधू पाहणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही. आणि रंगालाच मूळ समजणाऱ्याच्या हातून माती निसटते. दुसरी कथा अधिक सूचक आहे. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाका जमलेल्या संतांच्या डोक्यांवर थापटणे मारून कोणते मडके कच्चे आणि कोणते पक्के याची पारख करतात, आणि नामदेवांना कच्चे ठरवतात. ही कथा कुंभारानेच पारख करावी अशीच आहे, कारण कच्चे-पक्के हा त्याच्या धंद्यातला रोजचा प्रश्न. नाद ऐकून आतल्या भाजणीचा अंदाज घ्यायचा. वरच्या रंगावर जायचे नाही.

पण कथेचा शेवट येथे होत नाही. कच्चे ठरलेले नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे जातात आणि पुढे त्यांची वाणी पंजाबापर्यंत पोहोचते. कच्चेपण हा कायमचा दोष नसून एक अवस्था आहे, असे ही कथा सांगते. रंगांनाही तेच लागू आहे. भट्टीतला पक्का तांबडा लेप आपोआप टिकला. त्याला आपल्या काळजीची गरज नव्हती. कच्चा निळा किंवा गुलाबी टिकला तर तो कोणाच्या तरी संयमामुळे. कोणी तरी मूर्ती घासली नाही, धुतली नाही, सापडली तशी कागदात गुंडाळून योग्य माणसाकडे नेली, म्हणून तो टिकेल.

तेरला अभ्यास-सहली जातात, जायलाच हव्यात. तिथे गेलेल्या विद्यार्थ्यांना आपण सहसा मूर्तीचे सौंदर्य दाखवतो आणि तिचा काळ सांगतो. यापुढे त्यांना मूर्तीची खोबणी दाखवावी. सांधा कुठे आहे, कुठला भाग घासला आहे, कुठे अजून थर दिसतो, हे त्यांनी काचेला नाक लावून आपले आपण शोधावे. गावातल्या शाळकरी मुलांना तर एवढेच शिकवले तरी पुष्कळ होईल की सापडलेली वस्तू धुवायची नाही, सापडलेली जागा लक्षात ठेवायची आणि ती वस्तुसंग्रहालयात द्यायची. हीच मुले दिवाळीत किल्ला करतात, त्याच्या तटाला गेरू आणि राख फासून तो जुना करतात, उतारावर अळीव पेरतात. झीज कशी दिसते हे त्यांच्या हातांना आधीच माहीत आहे. ते ज्ञान जुन्या मूर्तीकडे वळवून देणे एवढेच आपले काम. एकेका खोबणीतली चिमूटभर माती जिथल्या तिथे राहिली, तर तगरच्या बाजाराचे रंग कधी तरी कोणाला तरी दिसतील.